शेपटीच्या जागी पाय

९ जुलै, बुधवार

सासूबाईंनी आज चहात साखर दुप्पट घातली. एरवी माझ्या चमच्यावर डोळा ठेवून असणारी बाई. कारण विचारलं तर नुसतं हसल्या. स्कूटर काढताना नवऱ्याने, लीलाधरने, सांगितलं, दिपमालाला दिवस गेलेत.

दिपमाला म्हणजे माझी धाकटी जाऊ. फेब्रुवारीत नवलशी लग्न होऊन आली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याकडे माहेरी गेली ती महिनाभर झोके घेऊन जूनच्या तोंडावर परतली, आणि आता ही बातमी. मला आनंद झाला का? झाला. ही वही कोणाला दाखवायची नाही, मग खोटं कशाला लिहू. आनंद झाला आणि असोद्याच्या घरापासून जळगावच्या कॉलेजपर्यंत काहीतरी टोचत राहिलं. मला दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा तिसरा महिना उलटला नाही. त्याला बरीच वर्षं झाली. आता मी कोणाच्या बारशाला गेले की रडत नाही, फक्त लवकर निघते.

योगायोग असा की कॉलेजात आज तिसऱ्या वर्षाला गर्भविकासाचा पहिला तास होता. फळ्यावर आकृती चुकली, पुसून पुन्हा काढली. मुलींना वाटलं मॅडमचं वय झालं.

१३ जुलै, रविवार

न्हाणीतल्या आरशामागे कंगवा शोधताना गोळ्यांचं पाकीट सापडलं. मऊ, पिवळट कॅप्सूल, निम्म्या संपलेल्या. पाकिटाच्या मागे पोटुशी बाईचं चित्र आणि त्यावर लाल फुली, करंगळीच्या नखाएवढी. औषधाचं नाव वाचलं आणि मी न्हाणीतच पाटावर बसले. मुरुमांवरचं आहे. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं.

एमएस्सीला असताना मी भडगावहून, माझ्या माहेराहून, गिरणा नदीच्या डबक्यातली बेडकांची शेपटीवाली पिल्लं बादलीत घालून नेली होती. सरांनी प्रयोग दिला होता. शेपूट छाटायचं आणि पिल्लू अ जीवनसत्त्वाच्या पाण्यात ठेवायचं. नुसत्या पाण्यातल्या पिल्लांना पुन्हा शेपूट आलं. औषधाच्या पाण्यातल्यांना शेपटीच्या जागी पाय फुटले. एकाला चांगली जोडी फुटली होती. तेव्हा मी आनंदाने सगळ्या हॉस्टेलला बोलावून दाखवलं होतं.

गर्भ हे द्रव्य स्वतःच बनवतो, पण मोजकं, एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी. ते पेशीत शिरतं, थेट केंद्रकात जातं आणि तिथली ठरावीक जनुकं उघडतं. किती मिळालं त्यावरून पेशीला कळतं की आपण डोक्याकडच्या की मानेखालच्या. बाहेरून जास्त आलं की पेशींचा पत्ता चुकतो. कान, हृदय, मेंदू, सगळं याच दोन महिन्यांत आपापली जागा धरतं. मी हे वर्षानुवर्षं शिकवतेय आणि ते औषध माझ्याच घरात आरशामागे होतं.

दिपमालाला माडीवर बोलावलं. तिचा रंग उडाला. लग्न ठरलं तेव्हा धुळ्याच्या त्वचेच्या डॉक्टरांनी दिल्या म्हणाली. लग्न पुढच्या वर्षी होणार होतं, मुहूर्तामुळे अलीकडे आलं, ते डॉक्टरांना सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. पुढची पाकिटं भाऊ दुकानातून आणून देत राहिला. मी विचारलं, रोज एक? ती म्हणाली, हो ताई, रोज एक, झोपताना. खरं तर जेवणाबरोबर घ्यायचं असतं ते, पोटात तेलतूप असताना. पण आता त्या चुकीचं काय घेऊन बसायचं. शेवटची परवा, म्हणाली.

मी पाकीट पर्समध्ये ठेवलं. तिने विचारलं, काही वाईट आहे का. मी म्हणाले, बघू.

१४ जुलै

दिवसभर तिचा चेहरा न्याहाळत होते. गालांची सालं निघालीत, कपाळ लालबुंद, मुरूम मात्र जसेच्या तसे. एवढं जबर औषध आणि मुरुमांवर काही फरक नाही. या औषधाने ओठ फुटतात, रक्त येतं, असं सगळीकडे लिहिलंय. हिचे ओठ चांगले मऊ आहेत. एकेकाची प्रकृती असते.

सासूबाई उशीचा अभ्रा दगडावर घासत कुरकुरत होत्या. पिवळे डाग निघत नाहीत, नव्या सुनेला हळद लावून झोपायची सवय दिसते, असं काहीतरी. माझं लक्ष नव्हतं.

१६ जुलै, बुधवार

दिपमालाला आणि नवलला घेऊन जळगावला डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझ्याच वयाच्या आहेत, तोडून बोलत नाहीत. पाकीट बघून त्यांनी चष्मा काढला. दिपमालाला बाहेर बसवा म्हणाल्या नाहीत, हे मला आवडलं. तिच्याकडे बघूनच सांगितलं. सगळ्याच मुलांना दोष होतो असं नाही, पण धोका लहान नाही. इतक्या लवकर सोनोग्राफीत काही कळणार नाही. आणि पाचव्या महिन्यात कळलं तरी मेंदूतलं सगळं दिसतंच असं नाही. मूल ठेवायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा, घाई करू नका, पण फार लांबवूही नका.

नवल डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे बघत होता. दिपमाला बांगड्यांत अडकवलेल्या पिना एकेक करून उघडत आणि बंद करत होती. एक पिन पिवळी पडली होती, चिकट. गंजलेली पिन टोचली तर पिकेल, ती टाकून दे म्हटलं. तिने ती मुठीत धरली.

१९ जुलै, शनिवार

घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. लीलाधर म्हणतो, तुला जे माहीत आहे ते तू सांगितलंस, आता बाजूला हो. कशी होऊ. मी नसते तर या घरात कोणाला पत्ता लागला नसता.

नवलने आज गच्चीवर गाठलं. "वहिनी, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणाल तसं करू. तुमच्या बहिणीचं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?" मी म्हणाले, ठेवू नको म्हणाले असते. तो मान हलवून खाली गेला. म्हणजे ठरलं. इतक्या पटकन ठरलं की मला त्याला परत हाक मारावीशी वाटली.

रात्री पाणी घ्यायला गेले तर सासूबाई देवघरापाशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुले खात्री शे ना? का तुह्यं टिकलं नाही म्हणून भेव वाटतं?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. मी खात्री आहे म्हणाले, आणि खोलीत येऊन डोक्यावरून चादर घेऊन रडले. मला दिपमालाचा हेवा वाटत नाही. किंवा वाटतो, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. मी पाच वेळा सगळे संदर्भ तपासलेत.

२४ जुलै

तासाला पेशींच्या निरोपांबद्दल बोलत होते. शेजारची पेशी निरोप पाठवते, तो पोहोचला की केंद्रकातलं जनुक उघडतं किंवा मिटतं, आणि एकसारख्या पेशींतून कोणी हाड होते, कोणी कातडी. पुढच्या बाकावरची खुशनुमा, हुशार मुलगी, पिंप्राळ्याहून येते, तिने हात वर केला. "मॅडम, निरोप निघाला पण पेशीपर्यंत पोहोचलाच नाही तर?"

मी म्हणाले, मग काही होत नाही. पेशीच्या लेखी तो निघालाच नव्हता. तिने लिहून घेतलं. मी पुढे शिकवत राहिले, काय शिकवलं ते आठवत नाही.

मूल काढायला पाच ऑगस्टची तारीख घेतलीय. सासूबाई म्हणाल्या, आधी घरात कानबाईचा सण व्हऊ द्या, मंग जे करायचं ते करा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेवढे दिवस चालतील. आपलं चुकलंय म्हटल्यावर शिक्षा ऐकून घ्यावी तशी दिपमाला सगळं ऐकते. मी तिच्याशी नीट बोलायला जाते आणि माझ्या तोंडून शिक्षिका बोलते.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई, आमची खानदेशी देवी, घरात बसली. नारळाला नथ, डोळे, मुकुट. भाऊबंद जमले, रोटाच्या नैवेद्याचा स्वयंपाक, रात्रभर गाणी. दिपमालाचं माहेर जयकृष्णी, म्हणजे महानुभाव, तिकडे आपल्या पंथाबाहेरच्या देवाचा प्रसाद घेत नाहीत, मांसमच्छी तर दूरच. तरी सून म्हणून बिचारी सगळं करत होती, फक्त खायच्या वेळी स्वयंपाकघरात रेंगाळली. सासूबाईंनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. त्या माणसं ओळखतात.

चुलत नणंदेच्या मुलीने तिला रंगीत जेलीची गोळी दिली. दिपमालाने उलटून पालटून बघितली, हे कशाचं असतं गं, म्हणून विचारलं आणि परत तिच्या हातात दिली. पोरगी हिरमुसली. मला राग आला. एवढंही मन मोडू नये.

गाणी चालू असताना एक बाई दिपमालाची ओटी भरायला पुढे आली. बातमी फुटली होती. सासूबाई मधे पडून म्हणाल्या, आत्ता नको, पाचव्यात भर. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. दिपमाला उठून माडीवर गेली. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले.

५ ऑगस्ट, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी नवलने दिपमालाला आणि मला गाडीतून जळगावला नेलं. दवाखान्यात तिला हिरवा झगा दिला. नर्सने बांगड्या, मंगळसूत्र काढायला सांगितलं, ते सगळं माझ्या पर्समध्ये आलं, बांगड्यांत पिना तशाच लटकत होत्या. मग नर्सने एका छोट्या कपात घोटभर पाणी आणि शेजारी एक कॅप्सूल ठेवली. आतलं काही पिकू नये म्हणून आधी घ्यायची असते. ही घे, डॉक्टर येतीलच, म्हणून ती गेली.

दारातून नवल म्हणाला, वहिनी, चहा घेऊ चला. मी त्याचीच वाट बघत होते. तिच्याकडे बघणं मला जमत नव्हतं. मी पर्स खांद्याला लावली आणि दारापर्यंत गेले.

"ताई," तिने मागून हाक मारली. माझ्याशी ती नेहमी शहरी बोलायचा प्रयत्न करते. आज तिच्यात तेवढं त्राण नव्हतं. "मनी बांगडीनी पिन द्या ना."

मला वाटलं, झग्याची नाडी तुटली असेल. पिन काढून दिली. तिने कॅप्सूल हातात घेतली, पिनेने तिच्या सांध्यात टोचलं, दोन तुकडे वेगळे केले, आतली पूड कपात झटकली आणि रिकामं कवच माझ्याकडे दिलं, टाकायला.

मी विचारलं, हे काय करतेस?

"हाई वरलं कवच आमना घर कोनी खात नही. हाडकासनं रहास म्हने." ती अगदी साधेपणाने सांगत होती, जशी भाजी निवडण्याबद्दल सांगेल. "पूड निंघनी तं पाणीमां टाकीसन पेवानी. तेल निंघनं तं तोंडले लावानं."

माझ्या हातात ते कवच होतं, जनावरांच्या हाडांपासून काढलेल्या जिलेटीनचं. मग मी तिला विचारलं, त्या पिवळ्या गोळ्या?

"त्या मी कधी खाद्याच नही. रोज एक फोडीसन तोंडले लावू."

माहेरच्या शेजारची मुलगी दुसऱ्या कुठल्या तरी कॅप्सूलचं तेल गालाला लावायची आणि गोरी दिसायची. आईने तेच सांगितलं. धुळ्याच्या डॉक्टरांना सांगितलं नाही, ते रागावतील म्हणून. नवऱ्याला सांगितलं नाही, तो हसेल म्हणून. आणि मला? मी रडकुंडीला येऊन विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुम्ही म्हन्यात, त्या औषधनं व्हयनं. मले वाटनं, तोंडले लायं तरी तेच व्हई."

नवल अजून दारात उभा होता. त्याला वाटलं काहीतरी वाईट घडलंय. मी त्याला बाजूला सारून धावले. डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, त्यांनी माझा दंड धरून मला खुर्चीत बसवलं आणि दिपमालाला बोलावलं. कुठे लावायचीस, किती, किती वेळ ठेवायचीस, एकही गिळली नाहीस, नक्की? दिपमाला कृष्णाची शपथ घ्यायला निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, शपथ नको, तुझा चेहराच सांगतोय. सालं निघालेली, मुरूम तसेच आणि ओठ चांगले. मग माझ्याकडे वळल्या. ओठ मी पण पाहिले होते.

त्यांचं म्हणणं असं: कातडीतून थोडंफार आत जातं, अगदी किंचित. लावायलाही नको होतं. पण एवढ्यासाठी मूल काढा असं कोणी सांगणार नाही, मी तर नाहीच. पाचव्या महिन्यात बारकाईने तपासू. हमी मी कोणालाच देत नाही, हिलाही नाही.

येताना गाडीत दिपमाला झोपली. नवल समोर बघत चालवत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याने एकदाही पुसलं नाही. घरी सासूबाई दारात उभ्या होत्या. मी नुसती मान हलवली, नाही केलं म्हणून. त्या मला म्हणाल्या, तू आधी जेव.

६ ऑगस्ट

पाकीट पुन्हा काढून बघितलं. रिकाम्या खाचांत काही दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. पण मोरीच्या जाळीत बोट घातलं तर कचऱ्यात दोन पिवळी सालपटं निघाली, पाण्याने फुगलेली. महिनाभर मी तिथेच आंघोळ करत होते.

२१ सप्टेंबर

लिहायचं नाही ठरवलं होतं. भीती गेली असं वाटलं होतं, ती गेली नाही, फक्त लहान होऊन राहिली. सालं निघालेल्या कातडीतून जास्त आत जात असेल का? रात्रभर चेहरा उशीवर, म्हणजे निम्मं उशीलाच लागलं. हे मी कोणाला विचारू शकत नाही, कारण आता माझ्या शंकेला या घरात वजन आहे आणि त्याचीच मला धास्ती वाटते. मी तोंड उघडलं की नवल घाबरतो.

दिपमालाचे मुरूम आपोआप कमी झालेत. लोहाच्या कॅप्सूलऐवजी साध्या गोळ्या मिळाव्यात म्हणून मी जळगावातली चार औषधाची दुकानं पालथी घातली. चौथा दुकानदार म्हणाला, मॅडम, एवढी चौकशी कोणी करत नाही. मी म्हणाले, मी पण करत नव्हते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज तपासणी होती. दिपमालाने मला आत बोलावलं, नवलला बाहेर बसवलं. खोलीत अंधार, पडद्यावर राखाडी ढग हलावेत तसं काहीतरी हलत होतं. मी इतकी वर्षं गर्भाच्या आकृत्या काढल्या, पण पहिली काही मिनिटं मला काहीच ओळखता आलं नाही. डॉक्टर एकेक नाव घेत गेल्या. हृदयाचे चार कप्पे. मणका. मेंदूच्या दोन्ही बाजू. ओठ. मी कान दाखवा म्हणाले. त्यांनी दाखवला. मी दुसरा दाखवा म्हणाले. बाळाने डोकं फिरवलं होतं, थांबावं लागलं. दिपमालाने माझा हात धरला होता, तिची बोटं गार होती आणि माझीही असावीत. मग तो दिसला. डॉक्टर म्हणाल्या, जेवढं दिसतं तेवढं सगळं ठीक आहे.

येताना मी आणि ती मागच्या सीटवर होतो. असोद्याच्या वाटेवर केळीच्या बागा सुरू झाल्या तेव्हा तिने नवलला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "ताई, त्या दिन तुम्ही चहा पेवाले गया व्हतात तं?"

बांगड्या माझ्या पर्समध्ये होत्या. तिने पिनेची वाट बघितली असती, नर्सने दटावलं असतं, तिने डोळे मिटून कॅप्सूल गिळली असती. मी आणि नवल चहा संपवून सावकाश वर आलो असतो, आणि मी आयुष्यभर म्हणत राहिले असते की आपण वेळेवर सावध झालो. मी तिचा हात तसाच धरून बसले.

आता रात्रीची जेवणं चाललीत. दिपमाला स्वयंपाकघरात सासूबाईंना सांगतेय, दोन्ही कान दिसले, जागच्या जागी शेतस. सासूबाई तिला तेच पुन्हा सांगायला लावतायत.